रंगाने पटविलेली ओळख

युरोपच्या उत्तरेस डेन्मार्क नावाचा एक लहानसा देश आहे. त्याची राजधानी कोपनहेगन. या नगरात १८५३ साली हान्स ख्रिश्चन ग्राम यांचा जन्म झाला. आरंभी त्यांनी वनस्पतिशास्त्राचा अभ्यास केला. पुढे ते वैद्यकाकडे वळले आणि डॉक्टर झाले.

१८८४ साली ग्राम बर्लिन येथे डॉ. कार्ल फ्रीडलेंडर यांच्या हाताखाली काम करीत होते. त्या काळी न्युमोनियाने असंख्य माणसे दगावत. अशा मृत रोग्यांच्या फुप्फुसाचे पातळ काप सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ठेवून ग्राम त्यांत जंतू शोधीत. परंतु जंतू दिसावेत कसे? ते जवळजवळ रंगहीन असतात. रंग घालावा, तर जंतूंबरोबर फुप्फुसही रंगून जाई!

ग्राम यांनी प्रयोग चालूच ठेवले. त्यांनी कापावर जांभळा रंग चढविला, त्यावर आयोडीनचे द्रावण घातले आणि मग तो काप अल्कोहोलने धुतला. काय आश्चर्य! फुप्फुसाचा रंग निघून गेला. जंतू मात्र गर्द जांभळे राहिले.

तरी एक उणीव उरलीच. विषमज्वराच्या जंतूंसारखे काही जंतू रंग टिकवून धरीत नसत. आपली रीत सदोष आहे, हे ग्राम यांनी आपल्या लेखात मोकळेपणाने सांगितले. इतर संशोधकांच्या हाती ती उपयोगी पडावी, एवढीच आशा त्यांनी व्यक्त केली.

पुढे ही उणीवच मोठा गुण ठरली! रंग राखणाऱ्या जंतूंची भिंत जाड असते, रंग सोडणाऱ्यांची पातळ. त्यामुळे जंतूंचे दोन मोठे गट सहज वेगळे करता येऊ लागले. रंग सोडणारे जंतू दिसावेत म्हणून शेवटी तांबडा रंग देण्याची पद्धत पडली.

रोग्याच्या रक्तात जंतू शिरल्याची शंका आली, की आजही त्याचे थोडे रक्त पोषक द्रवात ठेवतात. त्यात जंतू वाढले, की एक थेंब काचपट्टीवर घेऊन ग्राम यांच्या रीतीने रंगवितात. जंतू जांभळा की तांबडा, गोल की लांबट, हे थोड्याच मिनिटांत कळते. त्याचे नेमके नाव कळण्यास अधिक वेळ लागतो. पण रोग्याचा जीव तोवर थांबत नाही. या पहिल्या खुणेवरूनच डॉक्टर औषध निवडू शकतात.

ग्राम पुढे कोपनहेगन विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९३८ साली त्यांचे निधन झाले. आपल्या कामातील दोष त्यांनी झाकून ठेवला नाही. म्हणूनच इतरांना त्यातील गुण शोधता आला.