डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव

औषधशास्त्राच्या इतिहासांत ज्यांचें नांव आदरानें घेतलें जातें, त्या सुब्बाराव यांचा जन्म ता. १२ जानेवारी १८९५ रोजीं आंध्र प्रांतांतील भीमवरम् येथें झाला. मॅट्रिकच्या परीक्षेंत ते दोन वेळां नापास होऊन तिसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाले. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयांत असतां शस्त्रक्रियेच्या वेळीं त्यांनीं खादीचा पोषाख घातला. त्यामुळें प्राध्यापकांची इतराजी होऊन त्यांस कमी दर्जाच्या पदवीवर समाधान मानावें लागलें. त्यांचे दोन भाऊ स्प्रू नांवाच्या आंतड्यांच्या विकारानें थोड्याच दिवसांच्या अंतरानें वारले. हें दुःख उराशीं धरून ते अमेरिकेस गेले.

बोस्टन येथें रुग्णालयांत रात्रीं हलकें काम करून त्यांनीं आपलें अध्ययन चालविलें. १९२५ सालीं फिस्के यांच्यासह त्यांनीं स्फुरद मोजण्याची पद्धति प्रसिद्ध केली. हार्वर्ड विद्यापीठांत कायमची जागा न लाभल्यामुळें १९४० सालीं ते लेडर्ले औषधसंस्थेंत गेले. तेथें १९४५ मध्यें त्यांच्या मंडळानें फॉलिक आम्ल तयार केलें, आणि तेंच स्प्रूवर गुणकारी ठरलें. भाऊ गेले, परंतु इतरांचे भाऊ वांचले! पुढें त्यांच्याच देखरेखीखालीं डग्गर यांनीं मातींतील सूक्ष्म जीवापासून ऑरिओमायसिन हें औषध मिळविलें. तें १९४८ सालीं जगापुढें आलें. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें, वयाच्या ५३ व्या वर्षीं, सुब्बाराव निवर्तले.

हें औषध जंतूंची वाढ कशी रोखतें, हें त्यांस कळलें नव्हतें. प्रत्येक पेशींत प्रथिनें विणणारीं रायबोसोम नांवाचीं सूक्ष्म यंत्रें असतात. त्यांचा गाभा आर्.एन्.ए. ह्या द्रव्याचा असतो. कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्या पालकांस ठाऊकच आहे कीं, चाकाच्या दांत्यांत लहानसा खडा अडकला तरी सारें यंत्र थांबतें. २००० सालीं वेंकटरामन रामकृष्णन् यांच्या प्रयोगशाळेनें दाखविलें कीं, ऑरिओमायसिनच्या कुळांतील टेट्रासायक्लिनचा लहानसा रेणु जंतूंच्या रायबोसोममधील आर्.एन्.ए.ला असाच चिकटून बसतो. आतां शास्त्रज्ञ आर्.एन्.ए.वर बसतील असे रेणु हेतुपूर्वक शोधीत आहेत. लहान मुलांचे स्नायु दुर्बल करणाऱ्या एका आनुवंशिक विकारावर रिस्डिप्लाम हें असें औषध २०२० सालीं अमेरिकेंत मान्य झालें.

विद्यार्थ्यांनो, पेरणाऱ्यास पीक पाहावयास मिळतेंच असें नाहीं. तरी पेरणी वायां जात नाहीं. मॅट्रिकला दोनदां नापास झालेला हा मुलगा तिसऱ्या खेपेस परीक्षेस बसला नसता, तर जग किती हानीस मुकाट्यानें सोसतें, ह्याचा विचार प्रत्येकानें करावा.