फाळक्यांचा दिवा



दादासाहेब फाळके हे नाव तुम्ही चित्रपट पुरस्काराच्या बातमीत दरवर्षी ऐकता. भारतीय चित्रपटाचे जनक एवढी ओळख सामान्यज्ञानाच्या पेपरात पुरते. आपल्या शाळेतल्या छायाचित्रण मंडळाचे काम मी पाहतो, त्यामुळे मला मात्र ते आधी प्रकाशाचे कारागीर वाटतात. त्यांचे आयुष्य मी तुम्हाला त्याच बाजूने सांगणार आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते चित्रकला शिकले आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेले. तिथे प्राध्यापक गज्जर यांनी त्यांच्यातली चिकाटी हेरली. तिरंगी ठसे आणि डार्करूममधले काम शिकायला त्यांनी फाळक्यांना रतलामला पाठवले. म्हणजे त्यांच्या शिक्षणाचा एक धागा आपल्या मध्य प्रदेशातही आहे. नंतर गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ थाटला. तिथेच प्लेगच्या साथीत त्यांची पहिली पत्नी आणि मूल दगावले. स्टुडिओ सुटला, गाव सुटले. काही काळ त्यांनी पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, मग छापखाना काढला. धंद्यातल्या मतभेदांमुळे तोही त्यांनी सोडला.

१९१०-११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर आपले राम-कृष्ण का दिसू नयेत, या विचाराने त्यांना झपाटले. तासन् तास चित्रपट पाहणे, रात्रीचे प्रयोग आणि अपुरी झोप यांमुळे त्यांचे डोळे गेले. प्रकाशावर जगणाऱ्या माणसाची दृष्टीच गेली! डॉक्टर प्रभाकर यांच्या उपचारांनी ती परत आली आणि फाळके पुन्हा कामाला लागले. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ साली ते लंडनला गेले. येताना विल्यमसन कॅमेऱ्याची आणि कच्च्या फिल्मला भोके पाडणाऱ्या यंत्राची मागणी नोंदवून आले.

खरी अडचण यापुढे होती. तेव्हाचा कॅमेरा हाताने फिरवायचा. सेकंदाला साधारण १६ चित्रे घ्यायची म्हणजे एका चित्राला सेकंदाच्या तिसाव्या भागाइतका वेळ मिळे. फिल्मही आजच्यासारखी तल्लख नव्हती, त्यामुळे प्रकाश भरपूर लागे. फोटोवाले त्या काळी मॅग्नेशियमची पूड पेटवून लख्ख उजेड पाडत. पण तो क्षणभराचा, वर धूर. एका फोटोला तो पुरे, चालत्या चित्राला नाही. मग फाळक्यांनी सूर्यालाच दिवा केले. दादरच्या बंगल्याच्या आवारात राजवाड्याचे नेपथ्य उभे राहिले. दिवसा उन्हात चित्रण करायचे आणि रात्री फिल्म धुवायची, असा क्रम ठरला.

आता सूर्य हा दिवा म्हणून कसा आहे, ते पाहा. तो इतका दूर आहे की पहिल्या रांगेवर आणि शेवटच्या रांगेवर त्याचा प्रकाश सारखाच पडतो. फ्लॅशचे तसे नाही. अंतर दुप्पट झाले की त्याचा प्रकाश चौथाई उरतो. ३६ गाइड नंबरचा फ्लॅश १०० आयएसओला ३ मीटरवर एफ १२ देतो. २० मीटरवर तोच फ्लॅश एफ १.८ वर येतो. म्हणून मैदानावरच्या परेडला लांबून फ्लॅश मारून फारसे काही पदरात पडत नाही.

पण सूर्याचा एक दोष आहे. तो डोक्यावर आला की डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. जबलपूरच्या उन्हात, कॅपच्या पुढच्या पट्टीखाली, तुमचे अर्धे चेहरे असेच नाहीसे होतात. यावर फाळक्यांचा उपाय घरातलाच होता, पांढरी चादर. उन्हात धरली की ती प्रकाश परत चेहऱ्यावर टाकते आणि सावली पातळ होते. भेडाघाटला नावेत बसून काढलेले फोटो नीट पाहा. दोन्ही बाजूंचे पांढरे संगमरवरी कडे तेच काम करतात.

ती चादर धरायला त्यांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई उभ्या राहत. भर उन्हात, तासन् तास, हात न हलवता. हात हलला की चेहऱ्यावरचा उजेड हलतो. शिवाय साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या करत आणि रात्री फिल्मला भोके पाडण्यात, ती धुण्यात हातभार लावत. आपल्याला सावधानमध्ये दहा मिनिटे उभे राहिले की पाय आठवतात. म्हणून मला ही चादर त्या कॅमेऱ्याइतकीच मोलाची वाटते.

सुमारे सात महिन्यांनी काम पुरे झाले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमागृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी लागला. सरस्वतीबाईंचा चेहरा त्यात कुठेही नाही, पण पडद्यावरच्या चेहऱ्यांवर उजेड आहे तो त्यांच्या हातांचा.

पुढे ‘लंकादहन’सारखे चित्रपट गाजले, नाशिकला कंपनी निघाली. मग बोलपट आले आणि फाळक्यांचा काळ मागे पडला. ‘गंगावतरण’ हा १९३७ सालचा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्याकडे ना पैसा होता ना गर्दी. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला तो त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १९६९ साली.

कॅडेट मित्रांनो, मंडळाला दुसरा फ्लॅश मिळेल तेव्हा मिळेल. येत्या रविवारी वसतिगृहातली एक पांढरी चादर घेऊन अकरा वाजता मैदानावर या. एकाने कॅमेरा धरायचा, एकाने चादर. अर्ध्या तासाने अदलाबदल करायची. फोटोखाली दोघांचीही नावे लिहायची.