सृष्टीचे हिशेबनीस

दुकानाच्या जमाखर्चाची वही तपासणारे हिशेबनीस पुष्कळ असतात. परंतु जमीन, पाणी आणि अरण्य यांचा जमाखर्च मांडून, आपण मिळकतीवर जगत आहोत की मूळ भांडवलच खाऊन टाकीत आहोत, असा प्रश्न साऱ्या देशाला विचारणारा हिशेबनीस विरळा. जे. सी. कुमारप्पा हे असे विरळा पुरुष होते. ते जन्माने तमिळ. तथापि त्यांच्या आयुष्यातील उमेदीची वर्षे आज महाराष्ट्रात असलेल्या वर्धा येथे गेली.

जोसेफ चेल्लादुराई कुमारप्पा यांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे एका सुखवस्तू ख्रिस्ती कुटुंबात झाला. लंडनला जाऊन त्यांनी हिशेबतपासणीचे शिक्षण घेतले आणि परत आल्यावर मुंबईत तोच व्यवसाय सुरू केला. उत्तम मिळकत, साहेबी पोशाख आणि वक्तशीर राहणी असा त्यांचा थाट होता. पुढे अधिक शिक्षणासाठी ते अमेरिकेस गेले. भारत गरीब का आहे, या विषयावर त्यांनी तेथे एक व्याख्यान दिले. त्याचे वृत्त वाचून कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक सेलिग्मन यांनी, याच प्रश्नाचा सखोल अभ्यास करावा, असे त्यांना सुचविले. अभ्यास करता करता त्यांच्या ध्यानी आले की, परकी सरकार आपल्या देशाच्या तिजोरीचा पैसा देशाच्या हितासाठी वापरीत नाही. आकड्यांनीच त्यांचे डोळे उघडले.

१९२९ मध्ये ते स्वदेशी परतले. आपला निबंध गांधीजींना दाखवावा, म्हणून ९ मे रोजी ते साबरमतीच्या आश्रमात गेले. एका झाडाखाली, शेणाने सारवलेल्या जमिनीवर, एक वृद्ध गृहस्थ सूत कातीत बसले होते. भेटीला अजून अवकाश होता, म्हणून कुमारप्पा तेथेच उभे राहून चरख्याकडे पाहू लागले. ठरलेली वेळ होताच त्या वृद्धाने आपले घड्याळ पाहिले आणि तुम्हीच कुमारप्पा काय, असे विचारले. हेच गांधीजी, हे तेव्हा कुठे त्यांना उमगले! कोणी तरी लगबगीने खुर्ची आणली. परंतु अंगावरील उंची कपड्यांची तमा न बाळगता कुमारप्पा जमिनीवरच बसले. त्या दिवसापासून त्यांच्या आयुष्याला निराळे वळण लागले. त्यांनी व्यवसाय सोडला आणि खादी धारण केली.

गांधीजींनी त्यांच्याकडे पहिले काम सोपविले, ते गुजरातेतील खेडा जिल्ह्याच्या मातर तालुक्याची पाहणी करण्याचे. ५० हून अधिक खेडी पालथी घालून, शेतकऱ्याच्या घरात काय येते आणि घरातून काय जाते, याची त्यांनी बारकाईने नोंद केली. पुस्तकातील दारिद्र्य आता त्यांनी प्रत्यक्ष पाहिले.

हिशेबाच्या बाबतीत ते कोणाचीही भीड ठेवीत नसत. १९३४ च्या जानेवारीत बिहारमध्ये भयंकर भूकंप झाला. मदतनिधीचा हिशेब कुमारप्पांकडे होता. तेथील स्वयंसेवकाच्या जेवणासाठी त्यांनी दिवसाला ३ आणे एवढाच खर्च ठरवून दिला होता. पुढे खुद्द गांधीजी आपल्या मंडळींसह तेथे आले. त्यांचा खर्च या निधीतून मिळणार नाही, असे कुमारप्पांनी महादेवभाई देसाई यांना स्पष्ट सांगितले. भूकंपग्रस्तांसाठी आलेला पैसा त्यांच्याच कामी लागला पाहिजे, हा त्यांचा बाणा होता. गांधीजींनीही तो निर्णय मान्य केला.

त्याच वर्षाच्या अखेरीस वर्धा येथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचा भार कुमारप्पांच्या खांद्यावर आला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेत संघाचे कार्य सुरू झाले. त्या स्थानाला मगनवाडी असे नाव मिळाले. तेथे बैलघाण्यावर तेल निघे, हातकागद तयार होई, मधमाश्या पाळल्या जात. जमिनीतून उपसलेल्या खनिज तेलापासून रॉकेल होते. ते परदेशातून विकत आणण्याऐवजी गावच्या घाण्यावरील तेलावर जळणारा दिवा येथे सिद्ध करण्यात आला. त्याचे नाव मगनदीप.

१९३८ मध्ये देशाच्या विकासाचा आराखडा आखण्यासाठी काँग्रेसने राष्ट्रीय नियोजन समिती नेमली. पंडित नेहरू तिचे अध्यक्ष होते आणि कुमारप्पा सदस्य. परंतु समितीचा ओढा मोठमोठ्या कारखान्यांकडे होता. आपले मत तेथे रुजणार नाही, हे पाहताच काही महिन्यांतच कुमारप्पांनी ते मानाचे पद सोडले आणि ते आपल्या कामात मग्न झाले.

१९४२ च्या चळवळीत त्यांना पुन्हा कारावास घडला. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’, म्हणजे चिरस्थायी अर्थव्यवस्था, हा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी सृष्टीच्या संपत्तीचे दोन भाग केले. एक साठ्याची संपत्ती. कोळसा, खनिज तेल, लोखंड ही त्या प्रकारची. ती काढावी तितकी कमी होते; पुन्हा भरून येत नाही. दुसरी प्रवाहाची संपत्ती. वाहते पाणी, वारा, दरवर्षी वाढणारे रान ही त्या प्रकारची. ती मर्यादेने घेतली, तर अखंड मिळत राहते. जो समाज केवळ साठ्यावर जगतो, त्याला आज ना उद्या रिकाम्या कोठाराला तोंड द्यावे लागते आणि उरलेल्या साठ्यासाठी राष्ट्राराष्ट्रांत युद्धे पेटतात, असे त्यांनी बजावले. माकड बागेतील आंबे ओरबाडते आणि बागेला काहीच देत नाही. मधमाशी मात्र फुलातील मध घेता घेता परागकण पोहोचविते. त्यायोगे फळ धरते. माणसाने यांपैकी कोणाचा कित्ता गिरवावा, हे त्यांनी अशा दृष्टान्तांनी समजावून दिले.

स्वातंत्र्यानंतर देशाने मोठ्या उद्योगांचा मार्ग धरला. काँग्रेसने नेमलेल्या शेतीसुधारणा समितीचे अध्यक्षपद कुमारप्पांनी भूषविले. तरी त्यांचे मूळ म्हणणे थोड्यांनीच मनावर घेतले. त्याबद्दल कडवटपणा न धरता, प्रकृती खालावल्यावरही त्यांनी मदुरेजवळील कल्लुपट्टी येथील आश्रमात ग्रामसेवा चालूच ठेवली. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीच्याच दिवशी, त्यांची प्राणज्योत मालवली.

त्यानंतर बारा वर्षांनी, १९७२ मध्ये, ‘द लिमिट्स टू ग्रोथ’ या नावाचा अहवाल प्रसिद्ध झाला. पृथ्वी मर्यादित असताना उत्पादन आणि उपभोग अमर्याद वाढत राहणे शक्य नाही, हे संशोधकांनी गणिताने दाखविले, तेव्हा जग दचकले. मगनवाडीच्या हिशेबनिसाने तीच चिंता किती तरी आधी बोलून दाखविली होती.

आपल्या मराठवाड्याला तर हा धडा अनुभवाने मिळाला आहे. येथे बहुतेक ठिकाणी जमिनीखाली काळा पाषाण आहे. त्याच्या भेगांत पाणी साठते ते थोडेच. उमरीसारख्या गावी जुन्या विहिरीवर मोट चालत असे, तेव्हा विहिरीत जेवढे झरे तेवढाच उपसा होई. पुढे विंधनविहिरी खोल खोल गेल्या आणि पाऊस जेवढे पाणी भरी, त्याहून अधिक आपण उपसू लागलो. वाहत्या संपत्तीचाही साठा समजून उपसा केला, म्हणजे तीसुद्धा आटते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराची तहान भागविण्यासाठी मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे सर्वांना ठाऊक आहे.

कुमारप्पांची सर्वच मते आजच्या काळाला जशीच्या तशी लागू पडतील, असे नाही. रॉकेलचे दिवे जाऊन वीज आली, मोटेच्या जागी पंप आले. परंतु त्यांनी घालून दिलेली हिशेबाची रीत जुनी झालेली नाही. मुलांनो, आपल्या गावात पाऊस किती पडतो, त्यातील किती मुरतो आणि आपण किती उपसतो, याचा जमाखर्च तुम्हीही मांडू शकाल. जमेपेक्षा खर्च अधिक दिसला, तर तो खर्च पुढच्या पिढीच्या नावे पडतो आहे, असे समजावे.