रने लालिक : मिन्याच्या खिडक्या करणारा सोनार

दागिन्यांवरील मिनाकाम आपल्या लोकांस अपरिचित नाही. अंबडच्या बाजारात सोनाराच्या दुकानी हिरव्या-तांबड्या मिन्याचे पदक किंवा कर्णफुले पुष्कळांनी पाहिली असतील. परंतु मिना म्हणजे काय, असे एखाद्या विद्यार्थ्यास विचारले तर तो बहुधा रंग असे उत्तर देईल. अलीकडील स्वस्त दागिन्यांपुरते ते खरेही ठरेल. पण खरा मिना हा रंग नव्हे, ती काच होय. वाळू आणि क्षार वितळवून केलेल्या काचेत धातूंची भस्मे मिसळली म्हणजे तिला रंग चढतो. कोबाल्टाने ती निळी होते, तांब्याने हिरवी, मँगनीजाने जांभळी, आणि सोन्याच्या अल्पशा अंशाने माणकासारखी लाल. ही काच खलात पाण्याखाली घोटून, धुऊन, धातूत कोरलेल्या खळग्यांत भरतात व भट्टीत घालतात. सुमारे ८०० अंशांच्या आचेत ती काही मिनिटांतच वितळते आणि धातूस घट्ट धरून बसते. राजा मानसिंगाने लाहोरहून कारागीर आणून ही विद्या जयपुरास रुजविली, असे परंपरा सांगते.

ह्या मिन्याच्या पाठीशी नेहमी धातूचा पत्रा असतो. पडलेला प्रकाश त्या पत्र्यावरून परततो, आणि मिना चकाकतो. आता तो पत्राच काढून घेतला तर काय होईल? मुंबईस कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये रंगीत काचांच्या खिडक्या आहेत. आत उभे राहून ज्यांनी त्या पाहिल्या असतील त्यांस ह्याची कल्पना येईल. तेथे शिशाच्या पट्ट्यांत काचेचे तुकडे बसविलेले असतात, व बाहेरचा सूर्यप्रकाश त्यांतून गाळून आत येतो. तीच खिडकी नखाएवढी करावी, शिशाच्या जागी सोन्याची तार घ्यावी, काचेच्या जागी मिना घ्यावा, आणि तो दागिना म्हणून अंगावर धारण करावा. फ्रेंच लोक ह्या कामास प्लीक-आ-झूर म्हणतात.

सांगावयास हे सोपे, करावयास महाकठीण. ज्या घरास तळ नाही त्यात काचेची ओली पूड राहील कशी? घर अगदी लहान असेल तर पाण्याचा थेंब जसा बारीक कडीत तरंगून राहतो तशी ती राहते. मोठे असेल तर खाली अभ्रकाचा पापुद्रा धरतात, कारण अभ्रकास मिना चिकटत नाही. किंवा तांब्याचा पातळ पत्रा लावून मिना भाजल्यावर तो तेजाबात विरघळवून टाकतात. तेजाब तांबे खाते, सोन्यास शिवत नाही. पूड वितळली की आकसते, म्हणून पुन्हा भरावयाची, पुन्हा भाजावयाची. असे अनेक वेळा. शेवटी दोन्ही बाजू दगडावर घासून सारख्या करावयाच्या. इतके करून, दागिना निवत असताना सोने आणि काच कमीअधिक आकसली तर एक बारीक आवाज होतो आणि आठवड्याचे काम तडकते. पाठीशी पत्रा असलेला मिना तडकला तरी जागेवर राहतो. हा गळून पडतो. इटलीचा प्रख्यात सुवर्णकार चेल्लिनी ह्याने १५६८ मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात ह्या रीतीचे वर्णन केले आहे. फ्रान्सच्या राजाने त्यास असे एक पात्र दाखवून ते कसे केले असावे असे विचारले होते. त्यानंतर ही विद्या दीर्घकाळ मागे पडली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती पुन्हा वर आली, व ज्याच्या हाती ती कळसास पोचली त्या रने लालिक ह्याचे चरित्र आम्ही येथे देत आहो.

फ्रान्सच्या शांपान्य प्रांतात एक लहान गाव आहे. त्याचे नाव आपल्या कानास जवळजवळ ‘आई’ असेच ऐकू येते. त्या गावी ता. ६ एप्रिल १८६० रोजी रनेचा जन्म झाला. ते त्याचे आजोळ. मुलगा दोन वर्षांचा असता आईबाप पॅरिसच्या बाजूस राहावयास गेले. तथापि सुटीत तो आजोळी येई. तेथील वेली, कीटक, पाखरे ह्यांचे निरीक्षण करण्याचा व ती रेखाटण्याचा त्यास नाद लागला. शाळेतही त्याची चित्रकला उत्तम होती.

१८७६ साली त्याचे वडील वारले. रने त्या वेळी सोळा वर्षांचा. आईने त्यास पॅरिसमधील लुई ओकोक नावाच्या नामांकित जवाहिऱ्याकडे उमेदवार म्हणून ठेवले. हा निर्णय तिला सुखाने घेता आला असेल असे आम्हांस वाटत नाही. ज्या घरातील मिळविता पुरुष जातो त्या घरी मुलाच्या आवडीचा विचार सहसा शेवटी होतो. ह्या मुलाची आवड आणि घराची गरज एकाच दुकानाच्या दारी मिळाल्या, हे त्याचे भाग्य. दिवसा तो सोने कापणे, घासणे, जोडणे शिके. सायंकाळी चित्रकलेच्या शाळेत जाई. पुढे १८७८ मध्ये तो इंग्लंडास गेला व लंडनजवळ सिडनम येथील कलाशाळेत दोन वर्षे राहिला. परत आल्यावर त्याने स्वतःचे दुकान थाटले नाही. निरनिराळ्या सराफांस तो दागिन्यांचे नमुने काढून देई. कार्तिए, बुशरों ही आज जगप्रसिद्ध असलेली नावे त्याच्या गिऱ्हाइकांत होती. चित्र त्याचे, दागिन्यावर नाव मात्र दुसऱ्याचे. अशी काही वर्षे गेल्यावर १८८५ साली एका कारागिराचा चालू कारखाना त्याने आपल्याकडे घेतला, आणि तो स्वतःचा धनी झाला.

त्या काळी दागिना म्हणजे हिरा. दक्षिण आफ्रिकेत खाणी सापडल्यापासून हिऱ्यांचा पूर लोटला होता. सोनाराचे काम एवढेच, की शक्य तितके खडे शक्य तितक्या जवळ बसवावे. दागिन्याची किंमत तराजूवर ठरे. लालिकने ह्या रीतीस पाठ दिली. त्याने बैलाचे शिंग घेतले, हस्तिदंत घेतला, साधी काच घेतली. फार किंमत नसलेले ओपल व चंद्रकांत घेतले. आणि ह्या सर्वांस मिन्याची जोड दिली. शिंगाची फणी करून तिच्यावर तो फुले-पाने कोरी. ज्या शिंगाची आपल्याकडे खेड्यांत कोणी दखलही घेत नाही, ते पॅरिसच्या श्रीमंत स्त्रिया केसांत खोवू लागल्या. हिरा त्याने अगदीच टाकला असे नव्हे. पण तो आता दवबिंदूच्या जागी, कडेला, नोकराप्रमाणे उभा राहिला.

ह्या नव्या वाटेने जाताना पोट भरेल की नाही हा प्रश्न होताच. जो माल मोडीत विकता येत नाही तो कोण घेणार? प्रसिद्ध नटी सारा बर्नहार्ट हिने त्यास रंगभूमीसाठी दागिने करावयास सांगितले, आणि त्याचे नाव लोकांच्या कानी गेले. १८९५ मध्ये पॅरिसच्या वार्षिक कलाप्रदर्शनात त्याने आपल्या नावाने दागिने मांडले. १८९७ मध्ये फ्रेंच सरकारने त्यास ‘लीजन ऑफ ऑनर’ हा बहुमान दिला. त्याच सुमारास कालूस्त गुलबेंकियान नावाच्या आर्मेनियन तेलव्यापाऱ्याशी त्याचा स्नेह जडला. ह्या गृहस्थाने पुढील काळात त्याच्याकडून सुमारे दीडशे वस्तू घेतल्या, आणि त्यांतील बहुतेक अंगावर घालण्यासाठी नसून जतन करण्यासाठी होत्या.

त्यांतला सर्वांत नावाजलेला दागिना १८९७-९८ च्या सुमाराचा. आपल्या विहिरींवर पावसाळ्यानंतर जे चतुर उडतात, त्या जातीचा हा एक मोठा कीटक, पंख पसरून सुमारे २६ सेंटिमीटर रुंद. त्याच्या जबड्यातून एका स्त्रीचा देह बाहेर आलेला आहे, हिरव्या क्रिसोप्रेझ दगडात कोरलेला. पुढे सोन्याचे दोन अजस्र पंजे. पंखांच्या जाळीत मात्र तो मिना आहे, पाठीशी काही नसलेला. आणि ते पंख सांध्यांवर हलतात. खरे सांगावयाचे तर ही वस्तू पाहून प्रथम भीतीच वाटते. लेकीच्या लग्नात असा दागिना घालावा असे कोणत्याही आईस वाटणार नाही. परंतु पंखांतून उजेड जाऊ द्यावा, आणि मग पाहावे: चतुराच्या पंखावर जो निळा-हिरवा रंग क्षणभर चमकून नाहीसा होतो, तो ह्या माणसाने भट्टीतून काढून कायमचा थांबविला आहे. लिस्बन शहरी १९६९ साली उघडलेल्या गुलबेंकियान संग्रहालयात तो ठेवलेला आहे.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. ही सर्व कामे लालिकने एकट्याने केली नाहीत. त्याच्या कारखान्यात अनेक माणसे राबत. मिन्याच्या कामावर उजेन फयात्र नावाचा तरुण कारागीर होता. तो पुढे स्वतंत्र होऊन स्वतःच्या नावाने प्रसिद्ध पावला. आकृती मोठी घडवावी व यंत्राने ती लहान उतरवावी, अशीही सोय लालिकने केली होती. कल्पना एकाची, हात अनेकांचे. संग्रहालयाच्या पाटीवर एवढे लिहावयास जागा नसते.

१९०० साली पॅरिसमध्ये जगाचे प्रदर्शन भरले. सुमारे पाच कोटी लोक ते पाहून गेले. लालिकच्या दालनास पंख असलेल्या स्त्रियांच्या पितळी रंगाच्या जाळीदार आकृतींची आडभिंत होती, आणि तिच्यापुढे गर्दी हटत नसे. तो चाळिशीत होता व कीर्तीच्या शिखरावर होता.

त्यानंतर जे झाले त्याचे आम्हांस अधिक नवल वाटते. त्याची नक्कल सुरू झाली. चतुर, मोर, वेली, मोकळ्या केसांच्या स्त्रिया. बाजारात हलक्या मालाचे ढीग पडले. दहा-बारा वर्षांतच ज्या कलेने त्यास मोठे केले ती त्याने जवळजवळ सोडून दिली. मिन्यासाठी काच हाताळता हाताळता त्याचे मन काचेतच गुंतले होते. १९०५ मध्ये त्याने पॅरिसच्या व्हाँदोम चौकात दुकान उघडले. जवळच फ्रांस्वा कोती नावाच्या अत्तरवाल्याचे दुकान होते. कोतीने त्यास अत्तराच्या कुप्यांचे काम सांगितले. तोवर अत्तर साध्या बाटलीत मिळे. लालिकने साच्यात दाबून शेकड्यांनी निघतील अशा सुंदर कुप्या केल्या. १९०९ मध्ये त्याने काचेचा कारखाना भाड्याने घेतला, १९१३ मध्ये तो विकतच घेतला. १९१२ च्या त्याच्या प्रदर्शनात काचेखेरीज दुसरे काही नव्हते. काही रसिकांनी ह्याबद्दल हळहळ व्यक्त केली, व अजूनही करतात. एकच राणी घालील असा दागिना सोडून, शिक्षकाच्याही घरी जाईल अशी फुलदाणी करणे ही आमच्या मते अवनती नव्हे. पण मिन्याच्या त्या खिडक्या पुन्हा कोणी तशा केल्या नाहीत, हेही खरे.

संसारसुख त्यास बेताचेच लाभले. पहिला विवाह टिकला नाही. दुसरी पत्नी अलीस ही शिल्पकाराची मुलगी. त्यांचा विवाह १९०२ मध्ये झाला, व १९०९ मध्ये ती वारली. ज्या वर्षी तो काचेच्या कारखान्यात गेला त्याच वर्षीची ही गोष्ट.

महायुद्धानंतर आल्सास प्रांत फ्रान्सकडे परत आला, आणि १९२१ मध्ये लालिकने तेथील व्हिंगेन गावी नवा कारखाना बांधला. १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने काचेचे उंच कारंजे उभे केले. १९३५ मध्ये ‘नॉर्मंडी’ नावाच्या अवाढव्य जहाजाच्या भोजनगृहात त्याच्या काचेचे दीपस्तंभ उजळले. सात वर्षांनी ते जहाज न्यूयॉर्कच्या बंदरात आगीस बळी पडले. जर्सी बेटावर मिलब्रुक येथे एका विधवेने पतीच्या स्मरणार्थ सेंट मॅथ्यूचे मंदिर त्याच्याकडून सजवून घेतले. वेदीमागील क्रूस, बाप्तिस्म्याचे पात्र, देवदूत, सर्व काचेचे. १९३४ मध्ये ते उपासनेसाठी पुन्हा उघडले. मिन्याच्या नखाएवढ्या खिडक्या करणाऱ्या माणसाने वयाच्या पाऊणशेच्या घरात हे काम केले.

१९४० मध्ये जर्मनांनी आल्सास घेतला. व्हिंगेनचा कारखाना त्यांच्या ताब्यात गेला. जर्सी बेटही त्यांनी घेतले. ऐंशी वर्षांचा लालिक पॅरिसमध्ये होता; त्याच्या भट्ट्या थंड होत्या, आणि त्याची सर्वांत मोठी दोन कामे, कारखाना व मंदिर, शत्रूच्या हाती होती. मे १९४५ मध्ये, युरोपातील युद्ध थांबण्याच्या सुमारास, तो मरण पावला. जर्सी त्याच महिन्याच्या ९ तारखेस मुक्त झाले. काचेचा क्रूस जागेवर होता. मुलगा मार्क व्हिंगेनास गेला, मोडतोड दुरुस्त केली, आणि भट्ट्या पुन्हा पेटविल्या. २०११ मध्ये त्या गावी लालिकच्या नावाचे संग्रहालय उघडले. कारखाना अद्याप चालू आहे.