न भरलेली जखम

बिदरच्या तख्तावर १४३६ पासून १४५८ पर्यंत राज्य करणाऱ्या दुसऱ्या अल्लाउद्दीन अहमदशाह बहमनी याने राजधानीत मोठा दवाखाना उभारला. खर्चासाठी गावे लावून दिली. वैद्य आणि हकीम दोघेही नेमले.

पुढे त्याच्याच पायाला जखम झाली. तो महालाबाहेर दिसेना, तेव्हा मृत्यूची वदंता पसरली आणि तेलंगणात जलालखानाने बंड केले. ते मोडण्यास महमूद गवान गेला. याच गवानाने १४७२ मध्ये गोवा जिंकला.

जखम क्रमाने भरते. प्रथम रक्त गोठते, रक्तातील पांढऱ्या पेशी जंतू व मृत मांस दूर करतात, नवे मांस अंकुरते आणि कडांची त्वचा सरकत येऊन ते झाकते. जंतुसंसर्ग टिकला किंवा रक्तपुरवठा अपुरा पडला, तर हा क्रम अडतो.

गुरुचरित्रात बिदरच्या राजाचा मांडीवरील फोड गाणगापुरी श्रीनृसिंहसरस्वतींच्या कृपेने बरा झाल्याची कथा आहे. काही अभ्यासक तो राजा हाच मानतात. इतिहासातील सुलतान मात्र पायाच्या विकारानेच गेला. त्याची कबर बिदरजवळ अष्टूर येथे आहे. शेकडोंना औषध देणाऱ्या दवाखान्याच्या धन्याला स्वतःच्या जखमेवर उतारा मिळाला नाही.