सायकलपटू युजेन क्रिस्तोफ आणि लोहाराची भट्टी



या अंकात आम्ही एका अशा खेळाडूची ओळख करून देत आहोत, ज्याचे नाव त्याच्या खेळातील सर्वांत मोठ्या स्पर्धेच्या विजेत्यांच्या यादीत नाही. तरीही शंभरहून अधिक वर्षे लोटली, तरी त्याची गोष्ट सांगितली जाते. त्याचे नाव युजेन क्रिस्तोफ.

आपल्यापैकी अनेकांनी मुंबई-पुणे सायकल शर्यतीबद्दल ऐकले असेल. बोरघाट सर्वांत आधी चढून जाणाऱ्याला त्या शर्यतीत ‘घाटांचा राजा’ म्हणतात. फ्रान्समध्ये १९०३ साली सुरू झालेली ‘टूर डी फ्रान्स’ ही अशा शर्यतींची थोरली बहीणच. ती एका दिवसात संपत नाही. अनेक टप्प्यांत, सुमारे तीन आठवडे चालते आणि सर्व टप्प्यांचा वेळ एकत्र मोजून विजेता ठरतो. १९१३ साली तिचे १५ टप्पे होते आणि एकूण अंतर ५,००० किलोमीटरांहून अधिक होते. रस्ते कच्चे, सायकली जड. त्यातच आयोजक आंरी देग्रांज यांचा नियम फार कडक होता. सायकल बिघडली तर ती स्वाराने स्वतःच दुरुस्त करायची, दुसऱ्या कोणाचा हात लागता कामा नये.

युजेन यांचा जन्म २२ जानेवारी १८८५ रोजी पॅरिसजवळच्या मालाकॉफ येथे झाला. लहानपणीच ते कुलूप बनवण्याचे काम शिकले. लोखंड तापवणे, ठोकणे, कानशीने घासणे यात त्यांचा हात बसला. पुढे सायकलीचा नाद लागला आणि १९०६ साली ते प्रथमच ‘टूर डी फ्रान्स’मध्ये उतरले.

त्यांची चिकाटी जगाला दिसली ती १९१० साली इटलीत. मिलान ते सान रेमो या शर्यतीत त्या वर्षी घाटात बर्फ पडला. साठाहून अधिक स्वार निघाले होते, पण निकालात चौघांचीच नावे लागली. युजेन थंडीने इतके गारठले की त्यांना वाटेतल्या एका खाणावळीत आसरा घ्यावा लागला. अंगात थोडी ऊब येताच ते पुन्हा सायकलीवर बसले आणि शर्यत जिंकले. त्यानंतर त्यांना बरेच दिवस रुग्णालयात काढावे लागले. १९१२ च्या ‘टूर डी फ्रान्स’मध्ये त्यांनी सलग तीन टप्पे जिंकून दुसरा क्रमांक मिळवला. आता पुढच्या वर्षी पहिला क्रमांक त्यांचाच, असे अनेकांना वाटू लागले.

तो दिवस होता ९ जुलै १९१३. बायोन ते लुशाँ हा ३२६ किलोमीटरांचा टप्पा पिरेनीज पर्वतातून जात होता. बऱ्हाणपूरहून इंदूरला जाऊन परत यावे, त्याहून हे अंतर थोडेसेच कमी, आणि तेही एका दिवसात! वाटेतला तुर्माले घाट २,११५ मीटर उंच, म्हणजे आपल्या असीरगडाच्या सुमारे तिप्पट. युजेन आघाडीच्या स्वारांत होते. घाट उतरताना त्यांच्या सायकलीचा पुढचा चिमटा, म्हणजे ज्या दोन नळ्यांमध्ये पुढचे चाक बसते तो भाग, तुटला.

नवा चिमटा मिळणार नव्हता. दुसऱ्याची सायकल घेणे नियमात बसत नव्हते. मागचे स्वार एकामागून एक पुढे निघून गेले. युजेन यांनी सायकल खांद्यावर घेतली आणि दहा किलोमीटरांहून अधिक अंतर पायी उतरून ते सेंत-मारी-द-काम्पान या खेड्यात आले. तेथे लोहाराचे दुकान होते. लोहार मदतीला तयार होता, पण नियम आड येत होता. शर्यतीचे पंच तेथे येऊन उभे राहिले होते. लोहाराने काय करावे ते फक्त तोंडाने सांगायचे, हात लावायचा नाही.

मग लहानपणी शिकलेली विद्या कामी आली. युजेन यांनी स्वतः लोखंड तापवले, ऐरणीवर ठोकले आणि चिमटा जोडला. या कामात तीन तासांच्या आसपास वेळ गेला. मात्र दोन्ही हात कामात गुंतल्यामुळे भाता चालवायला त्यांनी दुकानातल्या एका लहान मुलाला सांगितले होते. पंचांनी तेवढ्यावर बोट ठेवले आणि परक्याची मदत घेतली म्हणून दहा मिनिटांचा दंड केला. नंतर तो तीन मिनिटांवर आणला. हा दंड योग्य होता का? नियम म्हणजे नियम, की नियमालाही माणुसकी हवी? मित्रांनो, यावर आपल्या वर्गात जरूर चर्चा करा. दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे पुष्कळ आहे.

पहिला क्रमांक हातचा गेला हे उघड होते. तेथेच शर्यत सोडली असती तरी कोणी नावे ठेवली नसती. पण युजेन सायकलीवर बसले, पुढचे दोन घाट चढले आणि रात्री लुशाँला पोहोचले. विजेत्यापेक्षा त्यांना जवळजवळ चार तास उशीर झाला होता. पुढचे सर्व टप्पे पूर्ण करून त्यांनी अखेर सातवा क्रमांक मिळवला. शर्यतीला निघालेल्या १४० जणांपैकी जेमतेम २५ जण शेवटपर्यंत पोहोचले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या सातव्या क्रमांकाची किंमत कळते.

मग पहिले महायुद्ध आले. ‘टूर डी फ्रान्स’ जिंकलेले तीन वीर त्या युद्धात मरण पावले. शर्यत पुन्हा सुरू झाली ती १९१९ साली. तेव्हा युजेन ३४ वर्षांचे होते. आघाडीवरचा स्वार प्रेक्षकांना ओळखू यावा म्हणून त्या वर्षी आयोजकांनी पिवळी जर्सी सुरू केली. ती पहिल्यांदा अंगावर घालण्याचा मान ग्रेनोबल येथे युजेन यांना मिळाला. शेवटचे दोन टप्पे उरले तेव्हाही ती त्यांच्याच अंगावर होती. त्यातला पहिला टप्पा ४६८ किलोमीटरांचा होता, जवळजवळ बऱ्हाणपूर ते मुंबई एवढा! त्या वाटेवर चिमटा पुन्हा तुटला. पुन्हा दुकान शोधणे, पुन्हा स्वतः जोडणे. तासाहून अधिक वेळ गेला आणि बेल्जियमचे फिर्मँ लांबो विजेते झाले. युजेन तिसरे आले. लोकांना मात्र हे सहन झाले नाही. वर्तमानपत्राने वर्गणी उघडली आणि वाचकांनी त्यांच्यासाठी १३,००० फ्रँकहून अधिक रक्कम जमवली. विजेत्याच्या बक्षिसाहूनही ती मोठी होती.

१९२२ साली, वयाच्या ३७ व्या वर्षी, त्यांनी पुन्हा पिवळी जर्सी मिळवली. इतक्या वयात ती घालणारा दुसरा स्वार अजून झालेला नाही. दुर्दैव असे की, त्या वर्षी गालिबिए घाटात तिसऱ्यांदा चिमटा तुटला! १९२५ साली चाळिसाव्या वर्षी ते शेवटची ‘टूर डी फ्रान्स’ खेळले. ती त्यांना कधीच जिंकता आली नाही. १ फेब्रुवारी १९७० रोजी त्यांचे निधन झाले. त्या खेड्यात आज त्यांच्या स्मरणार्थ फलक आहे आणि हातात चिमटा घेतलेला त्यांचा पुतळाही आहे.

ही शर्यत किती कष्टाची असते ते पाहायचे असेल, तर लुई माल या फ्रेंच दिग्दर्शकाने १९६२ च्या शर्यतीवर केलेला छोटा माहितीपट मोठ्यांनी मुलांसोबत बसून पाहावा. पडणारे, घाटात धापा टाकणारे आणि तहानेने वाटेतल्या हॉटेलांत शिरणारे स्वार त्यात दिसतात. पुढे याच माल यांनी भारतात येऊन आपल्या देशावरही माहितीपट केला.

पालकहो आणि विश्वस्तहो, एक विचार आपल्यापुढेही ठेवावासा वाटतो. शाळेच्या फलकावर आपण पहिल्या आलेल्यांची नावे लिहितो आणि ती लिहिलीच पाहिजेत. पण काहीतरी मोडल्यावर, पुढे बक्षीस नाही हे कळूनही, काम पूर्ण करणारी मुलेही आपल्या वर्गांत आहेत. त्यांच्या पाठीवर थाप कधी पडणार? आणि आपल्या गावात यंत्रमागाचा बिघाड स्वतःच्या हाताने काढणारे किती तरी पालक आहेत. त्यांच्या मुलांनी ते काम कमी दर्जाचे मानू नये. पुस्तकाबरोबर हातालाही काही शिकवलेले असावे. घाटात एकटे असताना तेच उपयोगी पडते.