मिरजेचे खाँसाहेब

किराणा म्हटले की आमच्या मुलांना वाण्याचे दुकान आठवते, आणि त्यात त्यांचा दोष नाही. संगीतातील किराणा घराण्याचे नाव ज्या गावावरून पडले, ते कैराना आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. पानिपताहून यमुना ओलांडली की उत्तर प्रदेशात हे गाव लागते. त्या गावाचे नाव मात्र गाजले ते मिरज, हुबळी, धारवाड आणि पुणे या भागांत. हे ज्यांच्यामुळे घडले, त्या उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे स्मरण या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत करावे असे आम्हांस वाटते. आपण मराठी मुलूख सोडून दूर आलो. खाँसाहेब दुरून मराठी मुलखात आले आणि तेथलेच होऊन राहिले.

खाँसाहेबांचा जन्म १८७२ सालचा. गाणे व सारंगी ही घरचीच विद्या; वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडून त्यांना तालीम मिळाली. तरुणपणी ते भावासह बडोद्यास आले व सयाजीराव गायकवाडांच्या दरबारी गाऊ लागले. तेथील सरदार मारुतीराव माने यांच्या कन्या ताराबाई यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. तो त्या काळी कोणास मानवणारा नव्हता. दोघांनी बडोदे सोडले, दरबारची नोकरी सुटली आणि मुंबईमार्गे खाँसाहेब मिरजेस येऊन पोहोचले.

मिरज हे पटवर्धनांच्या एका लहान संस्थानाचे गाव. बडोद्याचे किंवा म्हैसूरचे वैभव तेथे नव्हते, पण गाणे होते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची ख्यालगायकी याच गावी रुजविली आणि विष्णु दिगंबर पलुस्कर येथेच त्यांच्यापाशी शिकले. पूर्वी शस्त्रे घडविणाऱ्या शिकलगारांच्या घरांतून तंबोरे व सतारी तयार होऊ लागल्या होत्या. त्यांत फरीदसाहेबांचे नाव आजही आदराने घेतले जाते. शिवाय पुण्याहून बेळगावकडे जाणारी आगगाडी मिरजेवरून जात असे, त्यामुळे उत्तरेकडून कर्नाटकात निघालेल्या कलावंताची पावले येथे सहज थांबत. गवई, वाद्य घडविणारा आणि जाणता श्रोता असे तिघेही एकाच गावात हाकेच्या अंतरावर राहत होते. गाण्याला याहून अधिक काय लागते?

मिरजेत असताना खाँसाहेबांना प्लेगने गाठले. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन त्यांनी स्वरसेवा केली व ते बरे झाले, असे मिरजेत पिढ्यान् पिढ्या सांगतात. या कथेचा अर्थ ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे लावावा. तेव्हापासून त्यांचे मन मात्र त्या दर्ग्यापाशी गुंतले ते कायमचे. तेथे बिदागी नव्हती, मानाच्या गाद्या नव्हत्या. ज्याला ऐकावयाचे त्याने यावे आणि बसावे, एवढीच रीत होती.

पुढे त्यांनी प्रथम बेळगावात आणि नंतर पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालविले. शिष्यांना घरच्या मुलांप्रमाणे वागवून शिकवावे, आणि शाळेचा खर्च जाहीर जलशांच्या उत्पन्नातून भागवावा, असा त्यांचा क्रम होता. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजेच सवाई गंधर्व, बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी, बहिरेबुवा अशी शिष्यमंडळी त्यांच्या हाताखाली तयार झाली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल श्रुतींचे गणित मांडीत होते, तेव्हा त्यांच्या प्रयोगांसाठी खाँसाहेबांनी आपला गळा मोकळेपणाने दिला. म्हैसूरच्या दरबारी जाता-येता त्यांनी कर्नाटक संगीताचा अभ्यास केला, त्यातील सरगमेची रीत आपल्या गाण्यात आणली आणि त्यागराजांची कृतीही गाऊन ध्वनिमुद्रित केली. मराठी नाट्यपदांचेही त्यांना वावडे नव्हते. ‘मानापमाना’तले पद त्यांच्या तबकडीवर ऐकताना कैरान्याचा हा गवई परका कधी वाटतच नाही.

त्यांच्या आयुष्यात एक मोठे दुःखही होते. १९२२ साली ताराबाई मुलांना घेऊन त्यांच्यापासून विभक्त झाल्या. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे या त्यांच्या अपत्यांच्या नावांत पित्याच्या नावाची खूण उरली नाही. पुण्यातील शाळाही पुढे बंद पडली आणि खाँसाहेब मिरजेस परतले. तंबोऱ्यांच्या अचूक जुळणीवर टेकलेला, सावकाश उलगडणारा, करुणेने भिजलेला त्यांचा तो स्वर या घावाने अधिक खोल झाला का, हे कोण सांगणार? एवढे खरे, की त्या मुलांच्या गळ्यांत पित्याचा स्वर स्पष्ट ओळखू येत असे. नाव वेगळे झाले तरी गाणे वेगळे झाले नाही.

१९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासकडील दौऱ्यात पाँडिचेरीस जात असता त्यांना छातीत कळा येऊ लागल्या. सिंगपेरुमाळकोईल या लहानशा स्थानकावर ते उतरले. फलाटावरच तंबोरा जुळवून त्यांनी परमेश्वराची स्वरांनी आळवणी केली आणि २७ तारखेस त्यांची प्राणज्योत मालवली. जन्मगाव शेकडो कोस दूर राहिले होते. शिष्यांनी त्यांचा देह मिरजेस आणला व मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांचे दफन झाले. त्यांचे घर कोठे, याविषयी कोणाच्या मनात शंका नव्हती.

तेव्हापासून दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गायनवादन होत आले आहे. हिराबाईंनी तेथे पित्याच्या सेवेत आपला स्वर मिळविला; गंगूबाई हनगळ, भीमसेन जोशी यांनीही तेथे हजेरी लावली. भीमसेनांनी तर लहानपणी खाँसाहेबांची तबकडी ऐकून १९३३ साली गाण्याच्या ध्यासाने घर सोडले होते. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा त्या गावाचे नाव पुन्हा सर्वांच्या तोंडी झाले.

ज्या गावी पोट भरते त्या गावाचे होऊन राहावे, आणि तरी आपल्या मूळ गावाचे नाव पुसू देऊ नये, ही विवंचना परमुलखात राहणाऱ्या आपणा सर्वांची आहे. खाँसाहेबांनी मिरज आपली केली आणि मिरजेने कैरान्याचे नाव जपले. पुढच्या सुट्टीत गावी जाताना गाडी मिरजेस थांबली, तर मुलांना घेऊन थोडे उतरावे, दर्ग्याकडे जाऊन यावे आणि किराणा म्हणजे काय, ते तेथेच सांगावे.